माप भिंगारचं, वही कुठली?

कल्पना करा, तुमच्या गळ्यात टेप आहे आणि समोर सहा फुटी जवान उभा आहे. टेप त्याच्या छातीभोवती फिरवायची आणि आत दोन बोटं ठेवायची, कारण वर्दीत माणसाला श्वासही घ्यायचा असतो आणि सलामही ठोकायचा असतो. मग कंबर. मग तिरा, म्हणजे एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या खांद्याच्या टोकापर्यंत. मग बाही, मुंढा म्हणजे काखेचा घेर, गळा, पँटची उंची, मोहरी म्हणजे पायाशी पँटचा घेर. प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणायचा आणि मागे बसलेल्या बाईने तो लिहून घ्यायचा. एका माणसाला चार मिनिटं. तो शर्ट घालतो, "थँक यू मास्तर" म्हणतो आणि निघून जातो.

आता तुमच्याकडे त्याच्या अंगाचे आठ आकडे आहेत. ते कुठे ठेवाल?

या प्रश्नाने गेल्या वर्षी भिंगारच्या मेहताबआपांना अकरा दिवस नीट जेवू दिलं नाही. त्यांनी त्याचं काय केलं, ते मला सांगायचं आहे. मी भिंगारचाच. शाळेचा माझा गणवेश त्यांनीच शिवला, दरवर्षी दोन इंच दाबून ठेवून.

आपांचं दुकान जुन्या बाजारात, लष्कराच्या कॅम्पाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सात मशीन, एक लांब कटिंगचं टेबल, मागच्या भिंतीला पोलादी कपाट. दुकान त्यांच्या वडिलांचं, गनीभाईंचं. गनीभाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. नजर अधू झाली तेव्हा त्यांनी टेप मुलीच्या गळ्यात घातली आणि स्वतः दारातल्या खुर्चीवर बसले. भिंगारमध्ये बाई मास्तर म्हटल्यावर सुरुवातीला चार लोक हसले. आपांनी त्यातल्या दोघांच्या मुलांचे लग्नाचे कोट शिवले. हसणं थांबलं.

आज त्यांच्याकडे अकरा बायका कामाला आहेत. कॅम्पातल्या एका आस्थापनेच्या वर्द्या शिवणं आणि फिटिंग करून देणं हे त्यांचं वर्षभराचं मुख्य काम. ते काम आहे म्हणून सातही मशीन चालतात.

गनीभाईंच्या वेळेपासून या दुकानात एक शिस्त आहे. वह्या दोन. एका वहीत नाव आणि नंबर, दुसऱ्या वहीत नंबर आणि माप. एकट्या वहीवरून कुणालाच काही कळू नये. दोन्ही वह्या संध्याकाळी लाल फडक्यात बांधायच्या आणि कपाटात कुलूपबंद करायच्या. वही उंबऱ्याबाहेर जात नाही, झेरॉक्सलाही नाही. आणि जवान रिटायर झाला किंवा बदलून गेला, की त्याच्या देखत त्याच्या मापाचं पान फाडून त्याच्याच हातात द्यायचं आणि नावाच्या वहीतली ओळ काळी करायची.

यामागे एक गोष्ट आहे. गनीभाई ती सगळ्यांना सांगत नाहीत, पण मला सांगितली. ते ऐन पंचविशीत होते तेव्हा एका वर्षी, थंडी सुरू व्हायच्या आधीच, एकाच तुकडीचे शेकडो जण कोट सैल करून घ्यायला येऊ लागले. आत दोन स्वेटर बसतील इतके सैल.

"शिंप्याला ऑर्डरचा कागद दाखवावा लागत नाही," गनीभाई म्हणाले. "माप कळलं की मुक्काम कळतो. ही माणसं थंड मुलखात निघालीत, हे कळलंच. मी बायकोलासुद्धा बोललो नाही. त्याच आठवड्यात एक कापडाचा फिरता व्यापारी आला, चहाला बसला आणि सहज विचारलं, यंदा गरम कपड्याचं काम किती हो? बिचारा धंद्यापुरतंच विचारत असेल. पण मी आधी वही कपाटात ठेवली, मग चहा सांगितला. दुसऱ्या दिवशी एकाच्या दोन वह्या केल्या."

तीनेक वर्षांपूर्वी आपांची मुलगी सुमैरा दुकानात आली. बी.कॉम. झालेली, हुशार, घाईची. तिने टॅब आणला आणि टेलर लोकांसाठीचं एक ॲप घेतलं. नाव टाकलं की माप समोर. मागच्या वेळी पोट किती होतं, आता किती, तेही दिसतं. दोन वह्यांची जुळवाजुळव नको म्हणून तिने नाव आणि माप एकाच ठिकाणी टाकलं. चार हजारांच्या आसपास माणसं तिने सहा महिन्यांत चढवली आणि जुन्या वह्या माळ्यावर टाकायला लावल्या.

दुकानाने टॅबला लगेच आपलंसं केलं. त्याचं नाव पडलं 'वही'. "जया, वही चार्जिंगला लाव." "वहीवर चहा सांडू नका." आणि रोज संध्याकाळी वही लाल फडक्यात बांधून कपाटात जायची. आपा स्वतः कुलूप ओढून बघायच्या. सवयच ती.

तर गेल्या वर्षी जानेवारीत आस्थापनेने नव्या वर्षाच्या कामाचा फॉर्म दिला. त्यात एक नवा रकाना होता: 'व्यक्तींची माहिती व मापे कोठे साठवली जातात?' आपांनी क्षणभरही विचार केला नाही. सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'दुकानात, कुलूपबंद कपाटात, भिंगार.' खाली सही केली. ॲपच्या पहिल्या पानावरसुद्धा वर 'भिंगार' असंच लिहिलेलं होतं, कारण सुमैराने दुकानाचा पत्ता तोच भरला होता.

आठ दिवसांनी वही फुटली. कटिंगच्या टेबलावरून कापडाचा तागा सरकला आणि टॅबला घेऊन खाली गेला. काचेच्या ठिकऱ्या. कामाच्या दिवसात चार हजार मापं गेली म्हणून आपा तिथेच स्टुलावर बसल्या. काज-बटण करणारी जया पारनेरकडची, तिच्या तोंडाला लगाम नाही. ती म्हणाली, "आता बोलवा समद्यांना परत. मी टेप धरते, तुमी रडा."

सुमैरा मात्र शांत होती. ती नगरला गेली, नवा टॅब घेऊन आली, नंबर आणि पासवर्ड टाकला आणि पाच मिनिटांत चारही हजार मापं जशीच्या तशी समोर. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आपांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

दारातल्या खुर्चीतून गनीभाईंनी विचारलं, "काय झालं?"

"नाना, मापं परत आली," सुमैरा म्हणाली.

"कुठून?"

"म्हणजे?"

"वही तर फुटली. तुकडे तिथं पडलेत, माझ्या पायाला लागले. मग मापं आली कुठून?"

सुमैरा हसत म्हणाली, "क्लाउडवरून, नाना." पण आपा हसल्या नाहीत. त्या कपाटाकडे बघत होत्या. दोन वर्षं रोज संध्याकाळी आपण कशाला कुलूप लावत होतो, हे त्यांच्या त्या क्षणी लक्षात आलं. आणि मग फॉर्मवरची आपली सही आठवली.

त्यांनी तिथल्या तिथे ॲपवाल्या कंपनीला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबलं. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे हे बोलणं अकरा बायकांना पाठ आहे.

"मॅडम, तुमचा डेटा क्लाउडवर एकदम सुरक्षित आहे."

"सुरक्षित आहे ते ठीक. पण आहे कुठं?"

"क्लाउडवर, मॅडम."

"आणि क्लाउड कुठं आहे?"

"मॅडम, क्लाउड म्हणजे तसं सगळीकडेच असतं."

"अगं बाळ, सगळीकडं फक्त अल्ला असतो," आपा म्हणाल्या. "मशीन कुठंतरी एका जागी असेल ना? त्याला वीज लागत असेल, वॉचमन लागत असेल. ती जागा सांग."

मुलीने लेखी विचारा म्हणून सांगितलं. सुमैराने ईमेल केला. तिसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: मुख्य साठा सिंगापूर, दुसरी प्रत आयर्लंड.

"आयर्लंड कुठं आलं?" जयाने विचारलं. "नेवाशाच्या पुढं?"

त्या दुपारी सुमैराने सगळ्यांना समजावून सांगितलं. तिचं सांगणं मला आमच्या कॉलेजातल्या सरांपेक्षा बरं वाटलं. ती म्हणाली, ढग वगैरे काही नसतं. कुणाच्या तरी मोठ्या इमारतीत हजारो मशीन असतात, त्यातल्या एकावर आपली मापं असतात. इमारत ज्या देशात, त्या देशाचा कायदा तिला लागतो. तिथल्या सरकारने कागद काढून कंपनीकडे मागितलं, तर कंपनी तिथला कायदा बघणार. मापं कुलपात आहेत हे खरं, पण कुलूप कंपनीचं आणि किल्लीपण कंपनीची. आपल्याला कुणी विचारायला येणार नाही, कदाचित कळवणारही नाही.

गनीभाई डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे कपाट परक्या गावात, किल्ली परक्याकडं. पंचनामा झाला तर पंचही परके."

"पण नाना, वर्दीच्या मापात आहे काय बघण्यासारखं?"

"एकाच्या मापात काही नाही," गनीभाई म्हणाले. "चार हजारांच्या मापात आहे. नावासकट आहे. कुणी कधी काय सैल केलं, तेपण आहे ना त्यात?"

होतं. तारखेसकट होतं. सुमैरानेच हौसेने ती सोय चालू केली होती.

करारावर सह्या व्हायच्या होत्या पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी. आपा दुसऱ्या दिवशी सकाळीच बुरखा चढवून कॅम्पात गेल्या, आस्थापनेच्या ऑफिसात. तिथे वैजनाथराव नावाचे सिव्हिलियन क्लार्क आहेत, भिंगारचेच, पंधरा वर्षांची ओळख. आपांनी सगळं सांगितलं आणि फॉर्म परत मागितला.

वैजनाथरावांनी आधी दार लोटलं. "आपा, हा रकाना भरणारे आणखी चौघं आहेत. तिघांनी 'मोबाईलमध्ये' लिहिलंय. एकानं 'देवाच्या कृपेने ठीक आहे' लिहिलंय. तुमचंच एक वाचण्यासारखं होतं. कशाला उकरता?"

"ते खोटं आहे, भाऊ."

"खोटं कसलं, चुकून झालं."

"काल सकाळपर्यंत चूक होती. आता मला माहीत आहे. आता तसंच ठेवलं तर ते खोटं."

वैजनाथरावांनी फॉर्म पुन्हा एकदा वाचला. "साहेबांनी नाही म्हटलं तर? अकरा बायका आहेत तुमच्याकडं."

"अकराही जणींना विचारून आलेय."

हे मात्र पूर्ण खरं नव्हतं. दहा जणींना विचारलं होतं. जया म्हणाली होती, "मला इचारू नका, मी न्हाई म्हनंल. तुमी जाऊन या."

शेवटी आपांनी साध्या कागदावर अर्ज लिहिला. त्याची झेरॉक्स त्यांच्या फाईलला आहे, मी पाहिली आहे. 'मी फॉर्ममध्ये दिलेली माहिती चुकीची आहे. मापे भिंगार येथे नसून सिंगापूर व आयर्लंड येथे आहेत, हे मला काल समजले. दुरुस्त करण्यास मुदत मिळावी.' वैजनाथरावांनी तो आत नेला, वीस मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, "सोमवारपर्यंत, म्हणजे सह्यांच्या दिवसापर्यंत. त्या दिवशी साहेब स्वतः विचारणार. नाही पटलं तर काम दुसऱ्याला."

हाताशी अकरा दिवस होते.

पहिले चार दिवस सुमैराने करारनामे वाचण्यात घालवले. बारीक अक्षरातले, पन्नास-साठ पानांचे. ती कंपन्यांना फोन लावायची आणि आपा शेजारी बसून तेच तीन प्रश्न विचारायला लावायच्या. मशीन कुठं? दुसरी प्रत कुठं? किल्ली कुणाकडं? बहुतेकांना पहिलाच प्रश्न जड जायचा. एकाने मुंबई सांगितलं आणि दुसऱ्या प्रतीचं विचारल्यावर फोन ठेवला. पाचव्या दिवशी एक सेवा सापडली, जिथे साठा कुठल्या शहरात हवा हे आपणच निवडायचं आणि ते करारात लिहून मिळायचं. मुख्य साठा मुंबई, प्रत हैदराबाद, दोन्ही आपल्याच देशात. किल्ली, म्हणजे मापं उघडायचा लांबलचक पासवर्ड, सुमैराने स्वतः तयार करायची. ती हरवली तर कंपनीही उघडू शकणार नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.

"हेच पाहिजे," आपा म्हणाल्या.

गनीभाईंना तेवढ्याने समाधान नव्हतं. "मुंबईला माप जाऊ दे," ते म्हणाले. "नाव कशाला पाठवता? माळ्यावरची नावाची वही काढा."

मग पुढचे पाच दिवस दुकानात जे चाललं, ते बघायला मी दोनदा मुद्दाम गेलो. सुमैरा टॅबवरून नाव आणि नंबर वाचायची, आपा जाड रजिस्टरमध्ये लिहायच्या, जया तपासायची. लिहून झालं की टॅबवरचं नाव आणि तारखा पुसायच्या, नुसता नंबर ठेवायचा. माप मुंबईला, नाव कपाटात. मध्येच एखादा नंबर जुन्या वहीशी जुळायचा नाही. तेव्हा गनीभाई खुर्चीतून सांगायचे, "डावा खांदा उतरता आहे का त्याचा? मग तो नऊशे बाराच. नांदेडकडचा." बघितलं तर तसंच असायचं.

जयाचं बोलणं चालूच होतं. "दोन वरसापूर्वी ह्या वह्या म्या माळ्यावर टाकल्या. आता म्याच काढल्या. पुढच्या येळंला कळवा, मी मधीच उभी ऱ्हाते."

शनिवारी संध्याकाळी काम संपलं. रजिस्टर लाल फडक्यात गेलं. आपांनी कुलूप ओढून बघितलं. या वेळी आत काय आहे आणि काय नाही, हे त्यांना नक्की माहीत होतं.

सोमवारी साहेबांसमोर त्या एकट्या बसल्या. वैजनाथराव दाराशी उभे होते. पुढचं बोलणं त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना ते स्वतःच मुलाखत देऊन आल्यासारखे बोलत होते.

साहेबांनी विचारलं, "मुंबईतच आहे हे कशावरून?"

आपांनी कराराचं पान पुढे केलं. ओळीखाली शिवणकामाच्या खडूने रेघ ओढलेली होती.

"आणि उद्या ते कुणी चोरलं तर?"

"तर चोराला एवढंच कळेल साहेब, की दोन हजार चौदा नंबरच्या माणसाची छाती चाळीस आहे. तो कोण, कुठल्या तुकडीचा, हे त्या मशीनला माहीतच नाही. ते माझ्या कपाटात आहे. कशाची तारीखसुद्धा ठेवलेली नाही."

साहेब पान उलटत होते ते थांबले. "ही पद्धत कुणी शिकवली?"

"अब्बांनी. पन्नास वर्षं झाली."

"तेव्हा कॉम्प्युटर कुठे होते?"

"नव्हते, साहेब. पण विचारणारे होते."

काम मिळालं. वैजनाथराव म्हणतात, त्या दिवसापासून बाकीच्या चौघांनाही तो रकाना नीट भरायला परत पाठवलं, आणि नमुना म्हणून आपांचाच फॉर्म, नाव झाकून, दाखवला. नाव झाकून हे ऐकल्यावर आपा पहिल्यांदा मोकळं हसल्या.

मी कॉम्प्युटर शिकलो. माणसाचं नाव आणि त्याची माहिती वेगवेगळी ठेवावी, साठा कुठल्या देशात आहे ते बघावं, किल्ली आपल्याकडे ठेवावी, हे आम्हाला शेवटच्या वर्षी एका तासात उरकून शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्न आला आणि मी तो सोडला. माझ्या घरापासून तीन मिनिटांवर एक माणूस ही गोष्ट पन्नास वर्षं लाल फडक्यात बांधून बसला होता, आणि त्याच्या मुलीने ती पुन्हा जागेवर आणली. भिंगारचा म्हणून मला याचा जेवढा अभिमान वाटतो, तेवढा माझ्या डिग्रीचा वाटत नाही.

आता एक शेवटची गोष्ट. त्याच वर्षी जून महिन्यात, मी दुकानात बसलो असताना, गोरक्ष नावाचे हवालदार आले. पारनेर तालुक्यातले, चोवीस वर्षांची नोकरी संपवून गावी निघालेले. या दुकानाची रीत त्यांना माहीत होती.

"आपा, माझं पान द्या."

पान आता नव्हतं. आपांनी टॅब त्यांच्यासमोर धरला, आठही आकडे एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात दिले आणि त्यांच्या देखत टॅबवरचे पुसले. मग कपाट उघडून रजिस्टर काढलं आणि त्यांच्या नावाची ओळ शाईने काळी केली.

"चिठ्ठी कशाला देता," गोरक्ष म्हणाले, "गावी गेल्यावर हे माप राहतंय होय? घरची भाकरी सुरू होणार." तरी त्यांनी चिठ्ठी नीट घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. हात जोडून गेले.

आपांनी टॅब टेबलावर ठेवला. मग फाईल काढून त्यांनी मला एक कागद दाखवला. जुन्या ॲपवाल्या कंपनीचं पत्र होतं, एका ओळीचं: 'आपल्या विनंतीनुसार आपला सर्व डेटा आमच्या सर्व ठिकाणांहून कायमचा काढून टाकण्यात आला आहे.' खाली सही नव्हती. हे पत्र संगणकाने तयार केले असल्याने सहीची गरज नाही, असं छापलेलं होतं.

"तू शिकलेला आहेस," त्या म्हणाल्या. "ह्या गोरक्षभाऊंचं पान मी त्यांच्यासमोर काढलं. त्यांनी डोळ्यांनी बघितलं. त्यांचं तेच पान सिंगापुरातपण होतं, आयर्लंडलापण होतं. ते काढलं म्हणतात. ठीक आहे, काढलं असेल. पण मला एवढंच सांग, कुणाच्या देखत?"